न्यूट्रिनोचा शोध आणि खाण खणणारे हात

१

विज्ञानाचा इतिहास आपल्याकडे बहुधा डोक्यांचा इतिहास म्हणून लिहिला जातो. समीकरण कोणी मांडले, उपकरण कोणी योजले, पारितोषिक कोणाला मिळाले, एवढे सांगितले की तो पुरा झाला असे मानण्याची रीत आहे. ज्या हातांनी भट्टी पेटवली, काच फुंकली, पहार चालवली, त्या हातांना त्यात जागा नसते. ही रीत केवळ आपल्या देशातली नाही हे खरे. पण आपल्या देशात तिला जातीचा भक्कम आधार आहे. ज्याने विचार करायचा त्याने हाताला माती लावायची नाही आणि ज्याने मातीत राबायचे त्याने विचार करायचा नाही, अशी वाटणी येथे धर्माने केली आणि शतकानुशतके टिकवली. बाबासाहेबांनी १९३६ साली लाहोरच्या नियोजित भाषणात या वाटणीवर नेमके बोट ठेवले. त्याला आता नऊ दशके होत आली, तरी विज्ञानाच्या इतिहासलेखनाला त्याची दखल घ्यावीशी वाटलेली नाही.

मूलकणांच्या शास्त्राकडे मला याच प्रश्नाच्या अंगाने पाहायचे आहे. विषय दूरचा वाटेल. न्यूट्रिनो, क्वार्क, प्रोटॉनचा क्षय यांचा आणि दलित चळवळीचा काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध आहे, आणि तो ओढूनताणून जोडलेला नाही. पृथ्वीच्या वातावरणात जन्मणाऱ्या न्यूट्रिनोंची नोंद जगात प्रथम १९६५ साली दोन ठिकाणी झाली. एक ठिकाण कर्नाटकातील कोलारची सोन्याची खाण. ती खणणारे बहुसंख्य मजूर अस्पृश्य होते. दुसरे ठिकाण दक्षिण आफ्रिकेतील सोन्याची खाण. ती खणणारे मजूर काळे होते. हा योगायोग नव्हे. तो योगायोग का नव्हे, हेच या लेखात सांगायचे आहे.

मी उल्हासनगरच्या कॅम्प नं. ३ मध्ये राहतो. आमचे गावच मुळी छावणीतून उभे राहिले. दुसऱ्या महायुद्धातल्या लष्करी बराकींत फाळणीनंतर सिंधी निर्वासितांना आणून ठेवले गेले, १९४९ साली गावाला उल्हासनगर हे नाव मिळाले, आणि बराकींच्या कडेने, नाल्यांच्या काठाने, टेकडीच्या उतारावर पोटासाठी आलेल्या आपल्या माणसांच्या वस्त्या वाढल्या. अशाच एका वस्तीत संध्याकाळच्या अभ्यासवर्गात मी विज्ञान शिकवतो. तेथे बसणाऱ्या मुलांचे आईबाप फर्निचरच्या बाजारात, अंबरनाथ-बदलापूरच्या कारखान्यांत राबतात. हाताच्या कामाला ही मुले कधी बिचकत नाहीत. पण ‘मूलकण’ हा शब्द फळ्यावर लिहिला की हे आपले शास्त्र नव्हे, असा भाव त्यांच्या चेहऱ्यावर उमटतो. तो भाव त्यांच्या मनात जन्मतः नसतो. तो घातला जातो. त्याचे एक कारण असे की, या शास्त्राचा जो इतिहास त्यांना सांगितला जातो त्यात त्यांच्यासारखे कोणीच नसते.

२

कोलारच्या पट्ट्यात सोने फार जुन्या काळापासून निघत आले. यंत्रांच्या साह्याने खोल खाणकाम मात्र १८८० पासून, जॉन टेलर अँड सन्स या ब्रिटिश कंपनीच्या व्यवस्थापनाखाली सुरू झाले. १९०२ साली कावेरीवरच्या शिवनसमुद्र येथून तारा ओढून खाणीला वीज देण्यात आली. देशातली बहुतेक शहरे तेव्हा रॉकेलच्या दिव्यावर होती. सोन्यासाठी काय काय करता येते हे यावरून दिसते. खाण म्हैसूर संस्थानात होती, पण तिचा मजूर प्रामुख्याने तमिळ मुलखातून, उत्तर अर्काट, सेलम, चित्तूर या भागांतून आला, आणि त्यात बहुसंख्येने आदिद्रविड, म्हणजे गावाने वेशीबाहेर ठेवलेले लोक होते. गावच्या जमीनदाराची पिढीजात चाकरी आणि खाणीतला मृत्यू यांत त्यांनी खाण निवडली. तेथे निदान रोख मजुरी होती.

त्या मजुरीची किंमत काय होती? खडक जसजसा खोल खणावा तसतसा तो तापत जातो, आणि वरच्या भाराने दबलेला खडक अचानक स्फोटासारखा फुटतो. चॅम्पियन रीफ ही खाण तीन किलोमीटरहून अधिक खोल गेली आणि जगातल्या अत्यंत खोल खाणींत गणली गेली. गारगोटीची धूळ छातीत साठून होणारा सिलिकोसिस हा रोग भारतात प्रथम नोंदला गेला तो १९३४ साली, कोलारमध्येच. १९४० ते १९४६ या काळात तेथे ७,६५३ कामगारांची तपासणी झाली. त्यांपैकी ३,४०२ जणांना, म्हणजे शंभरात जवळजवळ चव्वेचाळीस जणांना, हा रोग जडलेला आढळला. वाचकांनी हे आकडे लक्षात ठेवावेत. पुढे ज्या खोलीचे शास्त्रज्ञांनी कौतुक केले ती खोली या फुप्फुसांनी मोजलेली आहे.

परंतु कोलारचा मजूर केवळ सोसणारा नव्हता. पंडित अयोथी दास यांनी १८९८ साली मद्रासला शाक्य बौद्ध संघ स्थापन केला, आणि त्याच्या ज्या शाखा जोमाने चालल्या त्यांत कोलारच्या खाणवस्तीतली मारिकुप्पमची शाखा होती. १९०७ साली अयोथी दासांनी सुरू केलेले ‘तमिळन’ हे साप्ताहिक त्यांच्या निधनानंतर काही काळाने खंडित झाले. १९२६ साली जी. अप्पादुराई यांनी ते पुन्हा चालू केले ते कोलारच्या खाणवस्तीतूनच. म्हणजे नागपूरच्या दीक्षाभूमीच्या अर्धे शतक आधी, जमिनीखाली सोने खणणारे अस्पृश्य जमिनीवर बुद्धाचा विचार मांडत होते, स्वतःचे पत्र छापत होते. याच चळवळीशी संबंधित असलेले पी. लक्ष्मी नरसू हे मद्रासच्या ख्रिश्चन कॉलेजात भौतिक व रसायनशास्त्र शिकवीत. बौद्ध धम्माचे सार सांगणाऱ्या त्यांच्या १९०७ सालच्या ग्रंथाचे १९४८ मध्ये बाबासाहेबांनी पुनर्मुद्रण करविले आणि त्याला प्रस्तावना लिहिली. विज्ञान आणि धम्म यांची ही सांगड आपल्याला परकी नाही.

१९३० साली कोलारच्या मजुरांनी मोठा संप केला. त्याचे एक मुख्य कारण म्हणजे कंपनीने सक्तीची केलेली बोटांच्या ठशांची नोंदणी. गुन्हेगाराचे घेतात तसे आमचे ठसे का, असा त्यांचा सवाल होता. हा सवाल मजुरीचा नव्हता, माणूसपणाचा होता.

आणखी एक गोष्ट येथे नोंदवली पाहिजे. बाबासाहेबांचा ‘रुपयाचा प्रश्न’ हा प्रबंध १९२३ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झाला. चलनाला सोन्याचा आधार कसा असावा, सरकारच्या हाती नोटा आणि नाणी वाढवण्याची मोकळीक राहिली तर गरिबाच्या मिळकतीचे काय होते, याचा तो कठोर अभ्यास होता. त्या काळी भारतात निघणारे बहुतेक सोने कोलारचे होते. एक अस्पृश्य विद्वान लंडनमध्ये सोन्याचे अर्थशास्त्र लिहीत होता आणि हजारो अस्पृश्य मजूर कोलारमध्ये ते सोने काढत होते. पुढे मजूरमंत्री झाल्यावर १९४३ च्या डिसेंबरात बाबासाहेब धनबादच्या कोळशाच्या खाणीत स्वतः उतरले. वरून अहवाल वाचून खाण कळत नाही, हे त्यांना ठाऊक होते.

३

आता शास्त्राकडे वळू. अवकाशातून पृथ्वीवर सतत विश्वकिरणांचा मारा होत असतो. ते वातावरणाच्या वरच्या थरात हवेच्या अणुकेंद्रांवर आदळतात आणि त्यांतून नवे कण जन्मतात. त्यांपैकी म्यूऑन नावाचा कण जमिनीपर्यंत पोहोचतो. आपल्या उघड्या तळहातातून दर सेकंदाला साधारण एक म्यूऑन आरपार जातो. त्याच आघातांतून न्यूट्रिनोही जन्मतो. पाउली या शास्त्रज्ञाने १९३० साली या कणाची कल्पना मांडली आणि १९५६ साली अमेरिकेत रेनिस व कोवन यांनी अणुभट्टीजवळ तो प्रत्यक्ष टिपला. न्यूट्रिनोचा स्वभाव असा की तो कशालाच अडत नाही. सूर्याकडून येणारे न्यूट्रिनो आपल्या शरीराच्या प्रत्येक चौरस सेंटिमीटरमधून दर सेकंदाला सहा हजार कोटींहून अधिक संख्येने जातात आणि आपल्याला पत्ताही लागत नाही. क्वचित, अगदी क्वचित, एखादा न्यूट्रिनो खडकातल्या अणुकेंद्राला धडकतो आणि त्यातून म्यूऑन बाहेर पडतो. तो म्यूऑन दिसला तर न्यूट्रिनो आला असे म्हणता येते.

अडचण अशी की, जमिनीवर वरून येणाऱ्या म्यूऑनांचा इतका गलबला असतो की त्यात हा एक म्यूऑन ओळखणे अशक्य. उपाय एकच: खोल जायचे. वरचा खडक म्यूऑनांना अडवतो. न्यूट्रिनोला अडवत नाही. म्हणजे येथे खडक हेच गाळणीचे काम करतो. जितकी खोली अधिक तितकी गाळणी चांगली.

होमी भाभांनी १९४५ साली टाटा मूलभूत संशोधन संस्था स्थापन केली. या संस्थेचे बी. व्ही. श्रीकंटन १९५१ मध्ये उपकरण घेऊन कोलारच्या खाणीत उतरले आणि खोलीनुसार म्यूऑन किती घटतात याची मापने सुरू झाली. १९६० च्या सुमारास एम. जी. के. मेनन, श्रीकंटन, पी. व्ही. रमण मूर्ती, व्ही. एस. नरसिंहम आणि जपानचे मियाके यांनी ही मापने पावणेतीन किलोमीटरपर्यंत नेली. सर्वांत खालच्या ठिकाणी दोन महिने उपकरण चालू ठेवूनही एकसुद्धा म्यूऑन सापडला नाही. ज्या प्रयोगात काहीच मिळाले नाही त्याला सामान्यतः अपयश म्हणतात. पण हे शून्य मोलाचे होते. वरचा गलबला येथे पूर्ण थांबला, आता न्यूट्रिनोचा शोध घेता येईल, असे ते सांगत होते.

मग टाटा संस्था, जपानचे ओसाका सिटी विद्यापीठ आणि इंग्लंडचे डरहॅम विद्यापीठ यांनी मिळून चॅम्पियन रीफ खाणीच्या हीथकोट शाफ्टजवळ, सुमारे २.३ किलोमीटर खोलीवर, उपकरण उभारले. कण आरपार गेला की क्षणभर उजळणारे प्लॅस्टिकचे उभे पडदे आणि त्यांच्यामध्ये निऑन वायूच्या नळ्यांच्या रांगा, असे त्याचे स्वरूप. वरून खाली येणाऱ्या कणापेक्षा आडव्या जाणाऱ्या कणावर त्यांची नजर होती. कारण आडव्या वाटेने कित्येक किलोमीटर खडक ओलांडून कोणताही म्यूऑन येऊ शकत नाही. तसा आडवा म्यूऑन दिसला तर तो जवळच्या खडकात न्यूट्रिनोनेच निर्माण केलेला असणार. १९६५ मध्ये असे म्यूऑन दिसले. त्याचा वृत्तांत १५ ऑगस्ट १९६५ च्या ‘फिजिक्स लेटर्स’मध्ये प्रसिद्ध झाला.

त्याच सुमारास रेनिस यांचा गट जोहान्सबर्गजवळच्या ईस्ट रँड खाणीत तीन किलोमीटरहून अधिक खोलीवर हाच शोध घेत होता. त्यांनी आपली पहिली घटना कोलारच्या आधी, फेब्रुवारी १९६५ मध्ये टिपली होती. छापील प्रसिद्धी मात्र कोलारची पंधरा दिवस आधी झाली. कोण पहिला हा वाद मला महत्त्वाचा वाटत नाही. महत्त्वाचे हे की, एवढी खोल भोके १९६५ साली पृथ्वीच्या पाठीवर मोजकीच होती आणि ती सोन्यासाठी पडलेली होती. माणसाचा जीव जेथे स्वस्त असतो तेथे तीन किलोमीटर खणणे परवडते. दक्षिण आफ्रिकेत वर्णभेदाने आणि कोलारात जातिभेदाने तो स्वस्त करून ठेवला होता. म्हणून मी म्हणतो, हा योगायोग नव्हे.

त्याच १९६५ साली आमच्या शेजारच्या कल्याणला टाटा संस्थेच्या गोविंद स्वरूप यांनी ऑस्ट्रेलियातून मिळालेल्या बत्तीस थाळ्या मांडून सूर्याच्या रेडिओलहरींचा अभ्यास सुरू केला. भारतातल्या रेडिओ-खगोलशास्त्राची ही सुरुवात उल्हासनगरच्या शेजारी झाली. अभ्यासवर्गात हे सांगितले की मुले चकित होतात. जगाचे ज्ञान आपल्या लोकलच्या वाटेवर घडले, हे त्यांना कोणी सांगितलेलेच नसते.

४

कोलारच्या तळाशी पुढेही विलक्षण गोष्टी घडल्या. १९७४ च्या नोव्हेंबरात अमेरिकेत चार्म या जड क्वार्कचा पुरावा मिळाला आणि नवे कण शोधण्याची लाट उसळली. १९७५ साली कोलारच्या गटाने काही चमत्कारिक घटना प्रसिद्ध केल्या. दोन किंवा अधिक कणांच्या वाटा एका बिंदूतून फुटत होत्या आणि तो बिंदू खडकात नव्हता, उपकरणाजवळच्या हवेत किंवा पातळ भागात होता. पोकळीत न्यूट्रिनो धडकण्याची शक्यता जवळजवळ नाही. तेव्हा कुठला तरी अनोळखी, जड, काही क्षण टिकणारा कण तेथे येऊन फुटला असावा, असा तर्क पुढे आला. जी. राजशेखरन, के. व्ही. एल. शर्मा यांच्यासारख्या सैद्धांतिकांनी त्यावर लेख लिहिले. युरोप-अमेरिकेतल्या त्वरकांच्या प्रयोगांत असा कण मिळाला नाही. ‘कोलार घटना’ या नावाने ते कोडे आजही अनिर्णित आहे. पुढे २०१४ मध्ये विश्वातील अदृश्य द्रव्याच्या क्षयाशी त्यांचा संबंध असू शकेल काय, अशी चर्चाही झाली.

१९८० मध्ये तेथे प्रोटॉनचा क्षय शोधण्यासाठी १४० टन लोखंडाचे उपकरण बसवण्यात आले. द्रव्य कायम टिकणारे आहे काय, की प्रोटॉनही एक दिवस फुटतो, असा तो मूलगामी प्रश्न होता. या कामासाठीच मुद्दाम उभारलेले जगातले ते पहिले मोठे उपकरण. काही संशयित घटना दिसल्या; पण अमेरिका व जपानमधल्या अधिक मोठ्या उपकरणांना त्यांचा दुजोरा मिळाला नाही. आज प्रोटॉनचे आयुष्य एकावर चौतीस शून्ये इतक्या वर्षांहून अधिक असले पाहिजे, असे मानले जाते. अनित्यतेचा सिद्धांत मानणाऱ्या आपणा बौद्धांना हा प्रश्न जवळचा वाटावा. मात्र त्याचे उत्तर ग्रंथातून न काढता उपकरणापाशी बसून काढावे लागते, हेही आपण मानतो.

जड क्वार्कांची कथा येथे थोडक्यात सांगतो. क्वार्क सहा प्रकारचे. त्यांतले जड क्वार्क फार काळ टिकत नाहीत. ते क्षय पावून हलक्या क्वार्कांत बदलतात. क्वार्कांच्या निदान तीन जोड्या असल्या पाहिजेत, असे कोबायाशी व मस्कावा या जपानी शास्त्रज्ञांनी १९७३ सालीच म्हटले होते. पाचवा क्वार्क १९७७ मध्ये सापडला. सहावा, टॉप, मात्र हाती लागत नव्हता. तो ओळखायचा कसा? १९८३ मध्ये रोहिणी गोडबोले, संदीप पाकवासा आणि डी. पी. रॉय यांनी एक खूण सांगितली. जड क्वार्क फुटतो तेव्हा इलेक्ट्रॉन किंवा म्यूऑन इतर कणांच्या गर्दीपासून वेगळा, एकटा फेकला जातो. हलक्या क्वार्कातून निघालेला गर्दीतच राहतो. तेव्हा एकटा दिसणारा कण शोधा. १९९५ साली अमेरिकेतील फर्मी प्रयोगशाळेत टॉप क्वार्क सापडला, त्या वेळी अशा एकट्या कणांच्या खुणा कामी आल्या, आणि तेथील दोन गटांपैकी एकात टाटा संस्थेचे शास्त्रज्ञही होते. गंमत अशी की, हा एकटा क्वार्क वजनाने सोन्याच्या अख्ख्या अणूच्या जवळपास भरतो. सोन्याच्या खाणीपासून निघालेली आपली कथा पुन्हा सोन्याच्या वजनाशी आली.

दोन किंवा तीन क्वार्कांचे कण आपल्याला नेहमीचे. पण चार-पाच क्वार्कांचे विलक्षण कणही असू शकतात, हे २००३ पासूनच्या प्रयोगांतून पुढे आले; २०१५ साली पाच क्वार्कांच्या कणाचा पुरावा जाहीर झाला. टाटा संस्थेतले सैद्धांतिक गट आजही अशा कणांची आणि जड क्वार्कांच्या क्षयांची गणिते मांडत असतात. या गणितांना कागद, संगणक आणि निवांतपणा लागतो. यांपैकी सर्वांत दुर्मीळ गोष्ट निवांतपणा, आणि आपल्या समाजात तोच वारशाने वाटला गेला आहे.

रोहिणी गोडबोले मूळच्या पुण्याच्या, हुजूरपागेत शिकलेल्या. मुंबई विद्यापीठात त्यांनी अनेक वर्षे अध्यापन केले आणि २०२४ साली त्या निवर्तल्या. त्यांनी २००८ मध्ये राम रामस्वामी यांच्यासह भारतीय स्त्री-शास्त्रज्ञांच्या जीवनकथांचे पुस्तक संपादित केले. ज्यांना इतिहासात जागा दिली गेली नाही त्यांचा इतिहास मुद्दाम बसून लिहावा लागतो, हे त्यांनी कृतीने दाखवले. हाच धडा आपल्याला खाणमजुरांच्या बाबतीत गिरवायचा आहे.

५

येथे एक आक्षेप येईल. मजुरांनी खाण सोन्यासाठी खणली, न्यूट्रिनोसाठी नव्हे. मग शोधाचे श्रेय त्यांना कसे? आक्षेप गैरलागू नाही, म्हणून त्याचे उत्तर नीट दिले पाहिजे.

शोधाची कल्पना, गणित, उपकरणाची रचना हे सर्व शास्त्रज्ञांचे, आणि तेही मजुरांच्याच पिंजऱ्यातून त्याच उष्णतेत खाली उतरत होते. त्यांचे श्रेय कमी करण्याचा माझा हेतू नाही. परंतु या प्रयोगात खोली ही केवळ जागा नव्हती, ती उपकरणाचा मुख्य भाग होती. पडदे आणि नळ्या प्रयोगशाळेत बनवता येतात. अडीच किलोमीटर खडकाखालची पोकळी बनवता येत नाही. दुर्बिणीची भिंगे घासणाऱ्यांची नावे युरोपच्या इतिहासात येतात. येथे ज्यांनी भिंग घासले त्यांची नावे हजेरीपटात आणि रुग्णालयाच्या नोंदवहीत राहिली.

या खोलीची किंमत पुढे देशाला कळली. सोने परवडेनासे झाल्यावर १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला खोल थर बंद झाले आणि प्रयोगही थांबले. २८ फेब्रुवारी २००१ रोजी भारत गोल्ड माइन्सने खाण बंद केली. नंतर न्यूट्रिनोसाठी नवी भूमिगत वेधशाळा हवी झाली, तेव्हा तमिळनाडूतल्या तेनी जिल्ह्यात डोंगराखाली बोगदा काढण्याची योजना आखावी लागली. २०१५ साली केंद्र सरकारने तिला मान्यता दिली, खर्च सुमारे १,५०० कोटी रुपये धरला. स्थानिक लोकांचा विरोध झाला, तमिळनाडू सरकारनेही नकार दिला, आणि योजना अडून राहिली. कोलारात जे फुकट मिळाल्यासारखे वाटले ते फुकट कधीच नव्हते. त्याचा हप्ता आधीच कोणीतरी भरलेला होता.

दुसरा प्रश्न दरवाजांचा. खाणीत उतरायला आपल्याला कोणी अडवले नाही. प्रयोगशाळेत शिरताना मात्र अडसर आहे. मेघनाद साहा यांचे उदाहरण घ्या. १८९३ साली ढाक्याजवळच्या खेड्यात एका किरकोळ दुकानदाराच्या घरी, उच्चवर्णीय ज्याला हलके लेखीत अशा जातीत ते जन्मले. कलकत्त्याच्या वसतिगृहात सवर्ण विद्यार्थ्यांनी त्यांना आपल्या पंगतीत घेतले नाही. त्याच साहांनी १९२० साली ताऱ्यांच्या वर्णपटाचे कोडे सोडवणारे, अणूच्या पुंज-सिद्धांतावर आधारलेले समीकरण दिले. सत्येंद्रनाथ बोसांबरोबर आइन्स्टाइनचे सापेक्षतेचे लेख इंग्रजीत आणले. आणि १९३६ मध्ये चुंबकाच्या एकाकी ध्रुवावर, म्हणजे आजवर कोणाला न सापडलेल्या एका विलक्षण कणावर, मूलगामी विवेचन केले. १९५२ साली ते लोकसभेत निवडून गेले. एवढ्या प्रतिभेलाही पंगत नाकारली गेली. ज्यांची प्रतिभा वसतिगृहापर्यंतही पोहोचली नाही त्यांची गणती कोणी केली आहे?

आजही चित्र फार बदललेले नाही. केंद्रीय शिक्षणसंस्थांतील प्रवेशांत राखीव जागा देणारा कायदा २००६ साली झाला. त्याच कायद्याच्या परिशिष्टात काही संस्थांना त्यातून वगळले आहे, आणि त्यांत टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे नाव आहे. कारण काय, तर ‘उत्कृष्टता’. म्हणजे ज्या संस्थेच्या एका मोठ्या शोधासाठी अस्पृश्यांनी खणलेली खोली चालली, तिच्या वर्गात त्यांच्या नातवंडांना हक्काची जागा दिली तर उत्कृष्टतेला बाधा येते, असे कायद्याने गृहीत धरले. या गृहीतकाला पुरावा काय? भौतिकशास्त्र पुराव्याशिवाय काही मानत नाही. त्या शास्त्राच्या नावाने चालणाऱ्या संस्थांनी येथे पुरावा का मागू नये?

उलट पुरावा उपलब्ध आहे, आणि तो त्याच संस्थेच्या घरातला आहे. टाटा संस्थेचे होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र १९७४ साली सुरू झाले. व्ही. जी. कुलकर्णी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० नंतरच्या काळात मुंबईच्या महापालिका शाळांतील अनुसूचित जातींच्या मुलांबरोबर काम केले. मुलांची बुद्धी कमी नाही, पुस्तकाची भाषा त्यांच्यापासून दूर आहे, असे त्यांना दिसले. भाषा सोपी केली, शंका विचारू दिल्या, प्रयोग हातात दिले, की तीच मुले शालान्त परीक्षेत चांगले गुण मिळवू लागली. ‘गुणवत्ता’ म्हणून जे मोजले जाते त्यातला बराच भाग घरातल्या भाषेचा असतो, हे यातून उघड झाले. आमच्या अभ्यासवर्गाचाही अनुभव हाच आहे.

६

तेव्हा काय करायचे? मला तीन गोष्टी सुचतात.

पहिली, कोलारच्या खाणमजुरांचा विज्ञानाच्या इतिहासातला वाटा लिहून काढणे. तेथील जुने कामगार आणि त्यांची मुले अजून त्या लाइनींत राहतात. पिंजरा कोणी चालवला, उपकरणांचे शिसे-लोखंड खाली कोणी नेले, दोन किलोमीटर खाली बसलेल्या शास्त्रज्ञांना खडकाचा आवाज ओळखायला कोणी शिकवले, हे त्यांना विचारले पाहिजे. हे काम तमिळ, कन्नड आणि मराठी कार्यकर्त्यांनी मिळून करण्याजोगे आहे. मारिकुप्पमच्या बौद्धांचे आणि दीक्षाभूमीच्या बौद्धांचे नाते त्यातून पुन्हा जुळेल.

दुसरी, २००६ च्या कायद्यातले ते परिशिष्ट काढून टाकण्याची मागणी विद्यार्थी संघटनांनी लावून धरणे. आपली चळवळ वैद्यकीय आणि अभियांत्रिकीच्या जागांसाठी लढली, ते योग्यच झाले. पण मूलभूत विज्ञानाच्या जागा आपण मागितल्याच नाहीत, जणू त्या आपल्या नव्हत्याच.

तिसरी, आपल्या वस्त्यांत मूलकणांचे शास्त्र आपल्या भाषेत शिकवणे. पोटाला उपयोगी तेवढेच विज्ञान गरिबाला पुरे, हा विचार दयेच्या बुरख्याआडचा मनूच आहे. ताऱ्याचा आणि क्वार्काचा विचार करण्याचा अधिकार उपाशी माणसालाही आहे. बाबासाहेबांनी पोटाच्या प्रश्नाबरोबर रुपयाच्या तत्त्वाचा विचार केलाच ना?

न्यूट्रिनो जात पाहत नाही. तो ब्राह्मणाच्या आणि महाराच्या शरीरातून सारख्याच संख्येने जातो, आणि खाणीच्या मालकाला न विचारता तिच्या तळापर्यंत पोहोचतो. निसर्गाने जो भेद केला नाही तो निसर्गाचा अभ्यास करणाऱ्या संस्थांत का असावा, एवढाच माझा प्रश्न आहे. त्याचे उत्तर मिळेपर्यंत आपण तो विचारत राहिले पाहिजे. आणि विचारणारा आवाज आता खाणीच्या तळातून नव्हे, प्रयोगशाळेच्या दारातून आला पाहिजे.